डावा कोपरा : पकड करणाऱ्या खेळाडूची कारकीर्द



शाळेच्या कबड्डी संघाचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी चर्चा कशाची होते? "त्याने एका चढाईत तिघं मारले!" टाळ्या चढाईला, फोटो चढाईचा. कोपऱ्यात उभं राहून ज्याने समोरच्या संघाच्या चढाईपटूला आपल्या बाजूला फिरकूच दिलं नाही, त्याचं नाव गुणपत्रिकेवर शोधून सापडत नाही. आज त्याच्याबद्दल लिहितोय. तुमच्या वर्गात असा एखादा पोरगा किंवा पोरगी नक्की असणार.

आधी खेळ समजून घेऊ. मैदानात बचावाला सात जण असतात. दोन टोकांना डावा आणि उजवा कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूला बाकीचे. चढाईपटूकडे तीस सेकंद असतात. तो एका बाजूला तोंड वळवतो, तेव्हा दुसरा कोपरा त्याच्या नजरेआड जातो. गडी शिवायला त्याने पाय लांबवला की कोपरारक्षक खाली वाकून घोटा धरतो. पण नुसता घोटा धरून भागत नाही. पट्टीचा चढाईपटू एका पायावर उड्या मारत मध्यरेषा गाठतो. म्हणून त्याच क्षणी शेजारच्याने कंबर किंवा मांडी धरायला झेप घ्यावी लागते. पकड दोघा-तिघांची असते, वैयक्तिक गुण मात्र एकाच्या नावावर लागतो.

आता हिशेब बघा. चढाईपटू रिकाम्या हाताने परत आला तर त्याचं फारसं काही बिघडत नाही. बचावपटूने अर्धा सेकंद आधी उडी घेतली, तर समोरच्याला गुण आणि हा बाहेर! म्हणजे याच्या चुकीची किंमत लगेच वसूल होते. म्हणूनच चांगल्या बचावपटूचं अर्धं काम थांबण्याचं असतं. माझ्या मते मुलांना हात कसा टाकायचा हे शिकवणं सोपं आहे. कधी टाकायचा नाही, हे शिकवायला दोन-तीन वर्षं लागतात.

महाराष्ट्रातलं उदाहरण घ्यायचं तर गिरीश इर्नाकचं घ्या. डावा कोपरारक्षक, घोट्याच्या पकडीसाठी ओळखला जाणारा. प्रो कबड्डीत तो पाटणा, बंगाल, पुणे, गुजरात अशा संघांकडून खेळला आणि 2018च्या हंगामात पुणेरी पलटणचा कर्णधार होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हैदराबादला महाराष्ट्राने वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा अकरा वर्षांनी जिंकली. कर्णधार रिशांक देवाडिगा हा चढाईपटू, त्याचं नाव सगळ्यांना आठवतं. त्या संघाच्या बचावात गिरीश होता.

मग ऑगस्टमध्ये जकार्ताच्या एशियाई स्पर्धेसाठी तो भारतीय संघात गेला. 1990 पासून 2014 पर्यंत सातही सुवर्णपदकं भारताची होती. तिथे उपांत्य फेरीत इराणने आपल्याला 27-18 असं हरवलं आणि कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं. अठरा गुण! म्हणजे आपले नावाजलेले चढाईपटू इराणच्या बचावासमोर अडले. त्या इराणी संघातला फझल अत्राचली हाही डावा कोपरारक्षकच. लहानपणी कुस्ती खेळलेला हा गडी यू मुम्बाकडून खेळून आपल्या प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला होता. जकार्ताच्या तीन महिने आधी झालेल्या लिलावात यू मुम्बाने त्याच्यासाठी एक कोटी रुपये मोजले. प्रो कबड्डीत कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठला गेला तो चढाईपटूसाठी नाही, पकड करणाऱ्यासाठी.

मुलींच्या पालकांनी आणखी जवळचं उदाहरण बघावं. 2023 मध्ये हांगझोऊला भारताच्या महिला संघाने चायनीज तैपेईला 26-25 असं हरवून सुवर्ण मिळवलं. पुण्याची बचावपटू स्नेहल शिंदे त्या संघात होती. एका गुणाने जिंकलेल्या सामन्यात एकेका पकडीची किंमत काय, हे वेगळं सांगायला नको.

पण पालक सभेत खरा प्रश्न निघतो तो वेगळाच. "गुरुजी, पकडी करून पोट भरतं का? गुडघा गेला तर?" प्रश्न रास्त आहे. बचावपटूचे गुडघे, खांदे, बोटं सतत पणाला लागलेली असतात आणि कारकीर्द फार लांब नसते.

इथे अमेरिकेतल्या एका खेळाडूची गोष्ट सांगतो. तिकडच्या फुटबॉलमध्ये अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळतात किंवा फेकतात, आणि बचावातले गडी त्यांना अंगावर जाऊन पाडतात. आपल्या पकडीचाच थोरला भाऊ म्हणा. चेंडू फेकणाऱ्याला फेकण्याआधीच पाडलं तर त्याला 'सॅक' म्हणतात. गंमत म्हणजे लीगने खेळाडूनिहाय सॅकची अधिकृत नोंद सुरू केली ती 1982 मध्ये. अॅलन पेज हा बचावपटू 1967 ते 1981 खेळला, म्हणजे त्याच्या एकाही सॅकला हा अधिकृत शिक्का नाही. तरी 1971 मध्ये त्याला लीगचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं गेलं. बचावपटूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. या पठ्ठ्याने खेळत असतानाच कायद्याचा अभ्यास केला, 1978 मध्ये पदवी घेतली आणि 1993 ते 2015 तो मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होता. खेळ आणि वही एकाच दप्तरात ठेवता येतात, ती अशी.

आपल्याकडेही वाट आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा, पोलीस, रेल्वे यांच्या संघांनी कबड्डीतल्या कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. मात्र लक्षात घ्या, जत्रेतल्या सामन्याची ढाल घरात शोभते, नोकरीच्या अर्जाला ती चालत नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा अधिकृत शालेय स्पर्धेतून पुढे गेलेल्यालाच त्याचा उपयोग होतो आणि प्रमाणपत्राची पडताळणीही करून घ्यावी लागते. मुलाचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी तंतोतंत जुळते का, हे पालकांनी प्रमाणपत्र हातात पडल्या दिवशीच बघावं.

नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या आमच्या घाटघरला पावसाळ्याचे चार महिने मैदान म्हणजे नुसता चिखल. तेव्हा व्हरांड्यात जोड्या लावून पाय धरण्याचा सराव घेता येतो. एकाने पाय पुढे करायचा, दुसऱ्याने दहापैकी फक्त दोनदाच धरायचा, बाकी आठ वेळा हात मागे. मुलं वैतागतात, पण आठवड्याभरात नजर पायावर बसते.

आणि सामन्यात गुणलेखकाशेजारी एक जास्तीचा विद्यार्थी वही घेऊन बसवा. प्रत्येक बचावपटूच्या नावापुढे तीन रकाने आखायचे : स्वतः केलेली पकड, दुसऱ्याच्या पकडीला दिलेली साथ, आणि त्याच्या बाजूने रिकामा परत गेलेला चढाईपटू. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त रेघा कुणाच्या पडतात ते बघा आणि तालुक्याचा संघ निवडायच्या आधी ती वही एकदा उघडा.