सापसुरळीची ओळख

जबलपूरच्या परिसरात पालापाचोळ्यातून सळसळत जाणारी तकतकीत सापसुरळी दिसली, की पुष्कळदा ती विषारी समजून मारली जाते. हिंदी भाषक तिला ‘साँप की मौसी’ म्हणतात. मराठीतही ‘सापाची मावशी’ हे नाव रूढ आहे. वस्तुतः भारतातील एकही सापसुरळी विषारी नाही. ती सिंसिडी या कुलातील सरडा असून कीटकांवर उपजीविका करते.

तिच्या अंगावरील गुळगुळीत, गोलाकार खवले कौलांप्रमाणे एकमेकांवर चढलेले असतात. प्रत्येक खवल्याखाली हाडाचे पातळ फलक असल्यामुळे शरीराला चिलखतच लाभते. कर्णछिद्र स्पष्ट असते. सापाला ते नसते. संकट आल्यास शेपटी मणक्यातील ठरावीक जागी तुटते. ती पुन्हा वाढते खरी, पण नव्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो.

ओळख पटविण्यास सर्वांत उपयुक्त अवयव म्हणजे खालची पापणी. युट्रोपिस कॅरिनाटा या मोठ्या, सर्वपरिचित जातीत ती खवल्यांनी झाकलेली असते. रिओपा पंक्टाटा या लहान, आखूड पायांच्या जातीत मात्र तिच्या मध्यभागी पारदर्शक चकती असते. पापणी मिटली तरी या खिडकीतून प्राण्याला दिसते आणि डोळ्यात माती जात नाही. जमिनीत घुसून राहणाऱ्या प्राण्याला ही सोय मोलाची आहे. सापाच्या डोळ्यावरील कायमचे पारदर्शक आवरण अशाच पापण्या जुळून बनले असावे, असे मानले जाते. लोकांनी जोडलेले मावशीचे नाते, निदान डोळ्यापुरते, अगदीच निराधार नाही!

कॅरिनाटा आणि तिच्याहून लहान असलेली युट्रोपिस मॅक्युलॅरिया यांत गल्लत होते. पहिलीच्या पाठीवरील खवल्यांवर बहुधा तीन ते पाच कंगोरे असतात, दुसरीच्या पाच ते नऊ. पाच कंगोरे आढळल्यास काय करावे? अशा वेळी धडाच्या मध्यावरील खवल्यांच्या रांगा मोजाव्या लागतात. कॅरिनाटामध्ये त्या ३० ते ३४ असतात, मॅक्युलॅरियामध्ये सहसा त्याहून कमी. एकाच लक्षणावर विसंबून जात ठरविणे धोक्याचे असते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या जबलपूर येथील मध्य प्रादेशिक केंद्रासारख्या ठिकाणी नमुने जपून ठेवण्याचे महत्त्व यातच आहे.

नावे मात्र स्थिर राहिलेली नाहीत. लिनीअसने १७५८ मध्ये पंक्टाटाला लॅसर्टा प्रजातीत घातले. बूलेंजरने १८९० मध्ये तिला लायगोसोमात, तर माल्कम स्मिथने १९३५ मध्ये रिओपात ठेवले. पुढे ती पुन्हा लायगोसोमात गेली आणि २०१९ मध्ये आनुवंशिक पुराव्यांच्या आधारे रिओपात परतली. आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील जाती एकत्र कोंबलेली माबुया ही अवाढव्य प्रजाती २००२ मध्ये विभागली गेली, तेव्हा आशियातील जाती युट्रोपिस झाल्या. जुन्या ग्रंथात ‘माबुया कॅरिनाटा’ असे नाव आढळल्यास ती हीच सापसुरळी समजावी.