चिंचेच्या कोळात गेलेली अक्षरं

मी मंचरचा. मामांचं घर जुन्नरच्या जुन्या गावठाणात. पडवी पाडून नवा पाया खणताना कंबरभर खोलीवर मजुराच्या टिकावाखाली हिरवट चकत्यांचा गठ्ठा आला. अकरा नाणी. मामा म्हणाले, "तुला नाद आहे ना, घेऊन जा." मी त्याच रात्री ती चिंचेच्या कोळात भिजत घातली आणि सकाळी राखेनं खसाखसा घासली. तांबं लखलखलं. सोंड उंचावलेला हत्ती राहिला. कडेची बहुतेक ब्राह्मी अक्षरं मात्र गेली.

घोडेगावच्या एका निवृत्त गुरुजींनी भिंगाखाली एकेक नाणं उन्हात फिरवून पाहिलं. मागं चार वर्तुळं जोडणारं उज्जयिनी चिन्ह होतं. "सातवाहनांची आहेत. 'रञो' एवढंच वाचता येतंय. पुढचं राजाचं नाव तू घासून टाकलंस रे!"

हे नुकसान किती मोठं, ते जोगळटेंभीमुळं कळतं. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलेला होता. नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आपल्याच जुन्नरच्या मानमोडी डोंगरात आहे. नहपानाचा पाडाव नाण्यांवर वाचता येतो, तो खालची जुनी अक्षरं शिल्लक राहिली म्हणून.

सोन्याचं नाणं जमिनीतूनही पिवळंधमक निघतं, कारण सोनं गंजत नाही. तांबं-कासं मात्र गंजतं; त्यावरचा कठीण हिरवा थर म्हणजे नाण्याची कातडी. बहुतेकदा नक्षी त्यातच टिकलेली असते. म्हणून चिंच, लिंबू, राख, तारेचा ब्रश यांपैकी काही लावू नका. माती सुटी असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवा, मऊ ब्रशनं हलकेच काढा, पूर्ण सुकवा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो रोग आहे. ते नाणं वेगळं, कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. शिशाचं नाणं लाकडी खणात नको, लाकडाच्या वाफेनं ते पांढरं पडून झिजतं. मऊ प्लास्टिकची पाकिटंही टाळा.

आणि मुळात सापडलेलं धन घरी नेऊच नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आम्ही उशिरा का होईना, तहसीलमार्फत ती अकराही नाणी जमा केली.

तिथं आलेल्या पुरातत्त्वाच्या बाईंनी विचारलं, "जवळ खापरं होती का? मडकं? राख?" खापरं होती. मला आठवतात, काळी-तांबडी, एकाचा काठ अख्खा. मजुरांनी ती राडारोड्यात भरली आणि ट्रॅक्टर कुकडी नदीच्या काठी रिकामा झाला.