कोड उडवण्याआधी : हायब्रिड पिकअपमधील उच्चदाब दोषांचा शोध

हायब्रिड पिकअप ट्रकमध्ये विजेची दोन वेगळी जाळी असतात. पहिले नेहमीचे १२ व्होल्टचे. दिवे, पंखे आणि गाडीतले सगळे संगणक त्यावर चालतात आणि त्याचे ऋण टोक चॅसीला जोडलेले असते. दुसरे उच्चदाबाचे. बॅटरी, इन्व्हर्टर, मोटर आणि एसीचा कंप्रेसर यांना जोडणाऱ्या नारिंगी केबल त्याच्या. या जाळ्याचे धन किंवा ऋण, कोणतेच टोक चॅसीला टेकलेले नसते. टोयोटा टुंड्राच्या हायब्रिडमध्ये मागच्या सीटखाली २८८ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी असते. फोर्ड एफ-१५० पॉवरबूस्टची १.५ किलोवॉट-तासाची लिथियम बॅटरी गाडीच्या पोटाखाली, चॅसीच्या चौकटीत बसवलेली असते. ६० व्होल्टच्या वरचा डीसी दाब वाहनांच्या सुरक्षा नियमांत उच्चदाब गणला जातो. म्हणजे दोन्ही ट्रक त्या रेषेच्या बरेच पलीकडे आहेत.

दोष आढळला की संगणक पाच अक्षर-अंकांचा कोड नोंदवतो. त्यातला ‘पी’ इंजिन-ट्रान्समिशनच्या गटाचा, त्यानंतरचे शून्य सर्व कंपन्यांना समान असलेल्या कोडचे. पुढे ‘ए’ आला की बहुधा विषय हायब्रिड यंत्रणेचा असतो. त्यामुळे डेट्रॉइटकडच्या पिकअपमध्ये दिसणाऱ्या पी०एए६ चा अर्थ पुण्यातल्या इनोव्हा हायक्रॉसमध्येही तोच राहतो : उच्चदाब जाळ्याचे चॅसीपासूनचे इन्सुलेशन घटले आहे. कुठे घटले, हे तो कोड सांगत नाही. पी०ए८० तर शब्दशः ‘बॅटरी बदला’ असे म्हणतो, पण तोही बॅटरीच्या गटांमधल्या व्होल्टेजच्या फरकावरून काढलेला निष्कर्षच असतो. गटांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या किंवा व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक तारांची टोके गंजली तरी तसाच फरक दिसू शकतो. अंदाजपत्रके फुगतात ती नेमकी इथे.

मिशिगनमधल्या एका ट्रकचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ऐन उन्हाळ्यात पी०एए६ आला. ट्रक त्या दिवशी घरापर्यंत चालला, पण बंद केल्यावर पुन्हा ‘रेडी’ होईना. जवळच्या गॅरेजने स्कॅनर लावून कोड उडवला आणि गाडी सुरू करून दिली. काही दिवसांनी तोच कोड परतला. या खेपेस नवीन बॅटरीचे अंदाजपत्रक हातात पडले. पहिल्या वेळी कोडसोबत ‘फ्रीज फ्रेम’ नोंदली गेली होती, म्हणजे दोष आला त्या क्षणीचा वेग, तापमान, कंप्रेसर चालू होता की बंद, असा सगळा तपशील. कोड उडवताना ती पुसली गेली. ती कोणी वाचली असती तर पुढचा अर्धा शोध वाचला असता.

म्हणून स्कॅनर लावल्यावरचे पहिले काम लिहून घेण्याचे. सगळ्या संगणकांतले कोड, त्यांचा क्रम, फ्रीज फ्रेम आणि उपकोड असल्यास तेही. टोयोटाच्या अनेक हायब्रिडमध्ये पी०एए६ सोबत तीन अंकी उपकोड येतो : ६११ एसीच्या भागासाठी, ६१२ बॅटरीच्या, ६१३ मोटर-ट्रान्समिशनच्या आणि ६१४ इन्व्हर्टरकडच्या डीसी भागासाठी. साधा स्वस्त स्कॅनर बहुधा मूळ कोड दाखवतो आणि उपकोड गिळतो. दुसरे काम १२ व्होल्टची बॅटरी तपासण्याचे. ती अशक्त असेल तर संगणक एकमेकांशी बोलता बोलता गप्प होतात आणि यू०१०० सारखे संपर्क तुटल्याचे कोड झुंडीने येतात. त्या गर्दीत हायब्रिडचे कोडही मिसळलेले असतात. तिसरे काम कागदपत्रे बघण्याचे. अमेरिकेत फोर्डची हायब्रिड भागांची हमी ८ वर्षे किंवा १,००,००० मैल, तर २०२० पासूनच्या टोयोटांच्या हायब्रिड बॅटरीची १० वर्षे किंवा १,५०,००० मैल असते. हमीतल्या गाडीची बॅटरी बाहेरच्या गॅरेजात उघडण्यात काही शहाणपण नाही.

यापुढची तपासणी प्रशिक्षित माणसानेच करायची. क्लास ० चे रबरी हातमोजे १००० व्होल्टपर्यंतचे असतात, त्यांवर चामड्याचे मोजे चढवावे लागतात, आणि वापरातल्या मोज्यांची दर ६ महिन्यांनी विद्युत चाचणी आवश्यक असते. शिवाय प्रत्येक वेळी मोजा हवेने फुगवून, सुरळी करून, कुठे फुसफुस येते का ते ऐकावे लागते. गाडी बंद करून चावी दूर ठेवणे, १२ व्होल्टचे ऋण टोक काढणे, मग उच्चदाबाचे जाळे तोडणारा सर्व्हिस प्लग उपसून तो स्वतःच्या खिशात ठेवणे हा साधारण क्रम. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, म्हणून त्या मॉडेलची कार्यपुस्तिका समोर हवी. प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. टोयोटा १० मिनिटे थांबायला सांगते. त्यानंतर मीटरने शून्य दाखवले तरी तोच मीटर आधी आणि नंतर माहीत असलेल्या चालू स्रोतावर लावून बघतात, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. आणि प्लग काढल्याने बॅटरीचा डबा निर्जीव होत नाही. आतले सेल तसेच भरलेले असतात.

इन्सुलेशनच्या दोषात एकच गळती असेल तर सहसा धक्का बसत नाही, कारण परतीचा मार्ग पूर्ण होत नाही. दुसऱ्या टोकालाही गळती झाली किंवा कोणाचा हात लागला, तर धोका. म्हणून संगणक पहिल्याच गळतीला ओरडतो. नियमांतला किमान रोध डीसीसाठी दर व्होल्टला १०० ओहम आणि एसी, म्हणजे इथे प्रत्यावर्ती प्रवाह, यासाठी ५०० ओहम असतो. २८८ व्होल्टच्या जाळ्याला तो २८,८०० आणि १,४४,००० ओहम पडतो. हे साध्या मल्टिमीटरने सापडत नाही. ओहम मोजताना तो जेमतेम दोन-चार व्होल्ट देतो आणि तेवढ्या दाबाला कमकुवत इन्सुलेशनही तग धरते. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त दाब देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर, मारला की खरे रूप दिसते. मात्र कुठे मेगर मारायचा आणि कोणता भाग आधी सुटा करायचा हे कार्यपुस्तिकेत पाहूनच, नाहीतर गळती शोधता शोधता एखादा चांगला संगणक जळतो.

मेगर हातात घेण्यापूर्वी दोष कोणत्या अवस्थेत येतो हे पाहिले तर निम्मे काम होते. बॅटरीला बाकीच्या जाळ्याशी जोडणारे स्विच, म्हणजे काँटॅक्टर, उघडे असतानाही इन्सुलेशन कमी दिसत असेल, तर दोष बॅटरीच्या डब्यात. काँटॅक्टर लागताच घसरत असेल, तर केबल किंवा इन्व्हर्टरकडे. गाडी हलायला लागल्यावर, म्हणजे मोटरच्या तीन फेजमध्ये वीज गेल्यावरच घसरत असेल, तर मोटरची वाइंडिंग किंवा तिच्या केबल. आणि एसीचे बटण दाबल्यावरच घसरत असेल, तर कंप्रेसर. पिकअपच्या पोटाखालून जाणाऱ्या केबलच्या कनेक्टरमध्ये हिवाळ्यातल्या रस्त्यावरचे मीठ शिरते. असा दोष पावसात किंवा गाडी धुतल्यावर येतो आणि वर्कशॉपात कोरडी झाल्यावर गायब होतो. तो पकडायला गाडी ओली करून तपासणे हाच मार्ग.

मिशिगनच्या ट्रकमध्ये दुसऱ्या वर्कशॉपने दोष कोणत्या अवस्थेत येतो हेच आधी पाहिले. एसी बंद असताना इन्सुलेशनचा आकडा स्थिर, चालू करताच घसरण. कंप्रेसरचा कनेक्टर सुटा करून मेगर मारला तेव्हा मेगाओहममध्ये यायला हवा तो रोध किलोओहमवर आलेला. काही आठवड्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये एसीचा गॅस भरला होता, ही गोष्ट मालकाने तोवर सांगितलीच नव्हती. कोणी विचारलीही नव्हती. हायब्रिडच्या विजेच्या कंप्रेसरमध्ये मोटरची वाइंडिंग तेल आणि गॅस यांच्यातच बुडालेली असते, म्हणून त्याला वीज न वाहू देणारे पीओई तेल लागते. पट्ट्यावर चालणाऱ्या कंप्रेसरचे पीएजी तेल त्यात मिसळले की इन्सुलेशन ढासळते. आधीच्या गाडीचे तेल भरणीयंत्राच्या नळ्यांत राहिले असेल तर तेही पुरते. असे तेल पाइपांतून पुरते धुऊन काढणे कठीण, त्यामुळे कंप्रेसरसोबत एसीचे इतर भागही बदलावे लागू शकतात. खर्च मोठाच, पण बॅटरीला काहीही झाले नव्हते.

इंटरलॉकचा पी०ए०डी त्यामानाने साधा. उच्चदाबाच्या प्रत्येक कनेक्टरमधून आणि झाकणाखालून एक कमी दाबाचा फेरा जातो. तो कुठेही तुटला की काँटॅक्टर लागत नाहीत. कोणत्याही दुरुस्तीनंतर लगेच हा कोड आला तर आधी सर्व्हिस प्लगचा दांडा बघावा. काही मॉडेलांत तो फिरवल्यावर पुढे सरकवून बसवावा लागतो आणि घाईत तेवढेच राहून जाते. पी०ए९३ हा इन्व्हर्टरच्या थंडाव्याचा. त्याचा कूलंट आणि छोटा विजेचा पंप इंजिनपेक्षा वेगळा असतो. टाकीचे झाकण उघडून कूलंट हलतो आहे की नाही एवढे पाहिले तरी बरेच कळते.

दुरुस्ती झाल्यावर कोड उडवायचे, आणि मग मूळ दोष ज्या अवस्थेत आला होता त्याच अवस्थेत गाडी चालवून पाहायची : एसीचा दोष असेल तर एसी लावून, पाण्याचा असेल तर ओल्या रस्त्यावर. अलीकडच्या अमेरिकी गाड्यांमध्ये चेक इंजिनचा दिवा पेटवणाऱ्या दोषांचे ‘पर्मनंट’ कोडही साठतात. ते स्कॅनरने किंवा १२ व्होल्टची बॅटरी काढून जात नाहीत; संगणकाची स्वतःची चाचणी पुन्हा पास झाली तरच तो ते पुसतो. कॅलिफोर्नियाच्या धूर तपासणीत जुलै २०१९ पासून हे कोडही पाहिले जातात. जुना हायब्रिड पिकअप विकत घेताना स्कॅनरमध्ये चालू कोड शून्य आणि पर्मनंट कोड मात्र शिल्लक दिसले, तर विक्रेत्याने नुकतेच काय उडवले ते विचारता येते.