साक्ष फक्त बऱ्या झालेल्यांचीच का?

डायलिसिसवर असलेल्या माणसाकडे प्रार्थनेला जाणार असाल, तर एक पथ्य पाळा. त्याचा डायलिसिसचा दिवस चुकेल असा एक शब्दही तिथे बोलू नका. बाकीचं पुढे सांगते, पण कुणी हा लेख इथेच बाजूला ठेवणार असेल, तर एवढं तरी त्याच्या कानावर जायला हवं.

माझे यजमान एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. निवृत्ती जवळ आली आणि त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. जुनी शुगर आणि बीपी, असं डॉक्टरांनी कारण सांगितलं. मग आठवड्यातून तीनदा मशीन, दर वेळी चार तास. डाव्या हाताची शीर आणि धमनी जोडून फिश्चुला केलेला होता. त्यावर बोटं टेकली की मांजराच्या अंगावर हात ठेवल्यासारखी बारीक घरघर लागायची. सिस्टरनी शिकवलं होतं, की ही घरघर रोज बघा, थांबलीशी वाटली तर तसंच निघून या. त्यामुळे आमच्या घरी सकाळची प्रार्थना त्या हातावर हात ठेवल्यावरच सुरू व्हायची.

आम्ही नगर जिल्ह्यातले, तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती. आजारपण कळलं तशी मंडळी धावून आली. येणाऱ्यांच्या हातात शहाळी, केळी, मोसंबी असायची. मनापासून आणलेलं असायचं, पण किडनी गेलेल्या माणसाला ते चालत नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, ते रक्तात साठतं आणि वाढलं की हृदय अचानक बंद पडू शकतं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं. दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढलं, त्यावरून अंगात किती पाणी साठलं ते कळतं. हे लोकांना समजावून सांगायला आम्हाला संकोच वाटायचा. तुम्ही करू नका संकोच. महिला मंडळातल्या बायकांना मी एकदा सगळं नीट सांगितलं, तेव्हापासून त्या आळीपाळीने कमी मिठाचं जेवण आणि भाज्या उकळून, पाणी ओतून टाकून केलेली भाजी डब्यात पाठवू लागल्या. त्या डब्यांत मला देवाचा विश्वासूपणा दिसला, हे मी अगदी शब्दशः सांगते आहे.

पण त्याच दिवसांत बाहेरगावचे एक प्रचारक आमच्याकडे आले. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण असे एकच नसतात. त्यांनी डोक्याला तेल लावलं, मोठ्याने प्रार्थना केली आणि सांगितलं, की प्रभूने तुम्हाला बरं केलंय, आता मशीनकडे जाणं म्हणजे अविश्वास. विश्वासाचं बीज म्हणून काही रक्कम पेरा, असंही म्हणाले. माझे यजमान शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पाळकसाहेब, देवाला मला बरं करायचं असेल तर मी मशीनवर असतानाही तो करील. मशीन त्याच्या आड येत नाही." दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला ते नेहमीच्या खाटेवर होते.

शेजारच्या खाटेवर यायचा तो तरुण मात्र अशाच एका सभेनंतर यायचा थांबला. त्याला परत आणलं तेव्हा पाय सुजलेले, छातीत पाणी भरलेलं, आडवं पडताच जीव घुसमटायचा म्हणून बायकोने पाठीला आधार देऊन बसवलेलं. त्या रात्रीतून तो वाचला नाही. पुढे जे झालं ते मला अधिक जिव्हारी लागलं. शेवटच्या घटकेला त्याचा विश्वास डळमळला म्हणून तो गेला, असं त्याच्या बायकोला सांगण्यात आलं. नवरा गेला आणि वर त्याच्या मरणाचा दोषही तिच्या पदरात टाकला.

ज्यांना असं सांगण्यात आलंय, त्यांनी इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय शेवटपर्यंत वाचावा. आपण बहुतेक जण अर्ध्यात थांबतो. विश्वासाने सिंहांची तोंडं बंद केली, तलवारीच्या धारेतून सुटले, हे आपल्याला पाठ असतं. त्याच परिच्छेदात, मधे ओळसुद्धा न सोडता, करवतीने कापले गेलेले, दगडमार झालेले, रानावनात फिरलेले लोक येतात. त्यांचा विश्वास कमी होता, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. सगळे एकाच यादीत आहेत. पौलाने इतरांना बरं केलं, पण स्वतःच्या देहातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवणी करूनही तो निघाला नाही. त्रफिम आजारी पडला तेव्हा पौलाला त्याला मिलेताला तसाच सोडून पुढे जावं लागलं. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर तर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, म्हणजे त्या काळातलं औषधच. आणि मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं शास्त्रवचनाचा आधार देऊन प्रभूला कोण सांगत होतं, ते आठवा. प्रभूने ती उडी टाकली नाही. डायलिसिस सोडायला सांगणं ही मला तीच उडी वाटते.

आपल्याकडे ख्रिस्ती लोकांनी दवाखाने उगाच बांधले नाहीत. डॉ. वान्लेस यांनी १८९० च्या दशकात मिरजेला इस्पितळ उभं केलं, तेव्हा प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली चालायची. कुणाला त्यात विसंगती दिसली नाही.

देव विश्वासू आहे, असं आपण म्हणतो तेव्हा त्या म्हणण्याचा भार आपल्या विश्वासावर टाकायचा नाही, हे मी त्या वॉर्डात शिकले. माझा विश्वास कितीदा पार आटला. रात्री ह्यांच्या पायांना वांब यायचे, मी चोळत बसायची आणि मनात प्रार्थनेऐवजी राग असायचा. त्या काळात आमच्या पाळकांनी एक फार मोठी गोष्ट केली. ते खुर्ची ओढून बसले आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं, दुसरं काही बोलले नाहीत. त्या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो. बहुतेक विलापांच्या शेवटी स्तुती येते, तशी इथे येत नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवापुढे असं बोलता येतं, हे कळल्यावर मला पुन्हा प्रार्थना करता आली. तेव्हा रडणाऱ्याला "रडू नका, स्तुती करा" असं सांगू नका. दर सकाळी नव्या होणाऱ्या दयेचं जे वचन आपण कॅलेंडरवर छापतो, ते विलापगीतातलं आहे. यरुशलेम जळून गेलं होतं, रस्त्यात मुलं भुकेने पडत होती, तेव्हाचं. लिहिणाऱ्याने आधी दोन अध्याय नुसता आक्रोश केला आहे. आपण मात्र लोकांना थेट तिसऱ्या अध्यायात नेऊन बसवू पाहतो.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मी तेव्हा पुन्हा वाचलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. पुढे ख्रिस्ती झाल्यावर मरणाने त्यांचं घर वगळलं, असं झालं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनचा भार जिच्यावर सोपवायचा, ती एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. त्यानंतरही बाई बायबलच्या मराठी भाषांतराला लागून राहिल्या आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्यांच्या आश्रमात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली जगल्या, शिकल्या. देवाने शब्द पाळला की नाही, याचा हिशेब त्यांच्या घरातल्या मरणांवरून मांडायचा की त्या मुलींवरून? मला वाटतं, दोन्ही समोर ठेवूनच मांडायला हवा. एक बाजू झाकून ठेवली तर ती साक्ष अर्धीच.

पैशाबद्दलही सांगते. आजारपणात कुणी बरं करण्याच्या बदल्यात दान मागत असेल, तर देऊ नका. दशांश आपल्या मंडळीत, नेहमीप्रमाणे, उपचाराशी न जोडता द्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. कागदपत्रांसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मंडळीतल्या एखाद्या तरुणाने त्या खेपा घातल्या, तर ती उपवासप्रार्थनेइतकीच सेवा आहे.

यजमान गेल्यावर मी पुन्हा चर्चला जाऊ लागले, तेव्हा साक्षीच्या वेळेला मान खाली घालून बसायची. कुणाचा कॅन्सर गेला, कुणाला नोकरी लागली. त्यांच्या आनंदात मला आनंद होता. पण ज्याच्यासाठी सगळ्यांनी गुडघे टेकले आणि जो तरीही गेला, त्याच्याबद्दल बोलायला कुणी उभं राहत नव्हतं. एका रविवारी मी उभी राहिले. म्हटलं, माझे यजमान बरे झाले नाहीत, मला ते अजून समजलेलं नाही, आणि प्रभूने मला सोडलेलंही नाही. उपासना संपल्यावर जिचा मुलगा दारूत गेला होता ती बाई माझ्याकडे आली. वर्षानुवर्षं ती त्याच्यासाठी प्रार्थना करत होती, आणि चर्चमध्ये हे तिने कुणालाच कधी बोलून दाखवलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवरच्या त्या तरुणाची बायको आता आमच्या घरसभेला येते. पहिल्यांदा आली तेव्हा तिने उंबऱ्यातच विचारलं, "ताई, ह्यांचा विश्वास खरंच कमी पडला होता का?" मी तिला आत घेतलं, चहा ठेवला आणि त्रफिमाची गोष्ट काढून दिली. तुमच्या मंडळीतही अशी कुणी असेलच. पुढच्या रविवारी तिच्याशेजारी जाऊन बसा, मुलांच्या फीचं विचारा, घरातला कमावता माणूस गेल्यावर पेन्शनचे, वारसाचे कागद कुठे अडलेत ते बघा, आणि कचेरीत तिच्याबरोबर जा. तिच्या नवऱ्याच्या विश्वासाबद्दल तिथे कुणी काही बोललंच, तर तिला उत्तर द्यावं लागू नये. तुम्ही द्या.