छातीचा स्नायू जोडला. जोर कधी येईल?

प्रश्न : वय २७. बेंच प्रेस मारताना छातीचा स्नायू काखेजवळ तुटला. ऑपरेशनला १० आठवडे झाले. हात हलतो, पण जोर लागत नाही. जिममधले मित्र म्हणतात, आतले टाके सुटले. आता वजन कायमचं बंद का?
– एक वाचक, दर्यापूर

उत्तर : घाबरू नका. इतक्यात जोर नसणं म्हणजे टाके सुटणं नव्हे. तुमचा बहुधा कंडरा, म्हणजे स्नायूला दंडाच्या हाडाशी बांधणारा दोर, तुटला होता. तो हाडाशी पक्का जुळायला काही महिने लागतात; झोळीत ठेवलेल्या हाताचा स्नायूही तोवर वाळतो. बहुतेकांची ताकद बरीचशी परत येते, जड बेंच प्रेसमध्ये मात्र थोडी उणीव राहू शकते.

आता सर्जनच्या परवानगीने फिजिओथेरपिस्टकडून हलके व्यायाम सुरू करा. जड वजन सहा महिन्यांआधी नकोच. पुढेही पकड फार रुंद ठेवू नका आणि दांडा छातीपर्यंत आणू नका. वजन खाली घेतानाच कंडऱ्यावर सर्वाधिक ताण येतो. स्टेरॉइडची इंजेक्शनं तर कटाक्षाने टाळा : स्नायू फुगतो, कंडरा तेवढा बळकट होत नाही.

अचानक ‘कट्’ आवाज, नवी काळीनिळी सूज किंवा काखेच्या पुढच्या कडेला खळगा दिसला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.