कर शून्य असला तरी रिटर्न भर

अ‍ॅपच्या डिलिव्हरीचा तुला पगार मिळत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. आठवड्याला खात्यावर पैसे पडतात, मोबाइलवर साहेबासारखे हुकूम येतात, टी-शर्ट कंपनीचा, बॅग कंपनीची. म्हणून तुला ती नोकरी वाटते. पण प्राप्तिकर खात्याच्या लेखी तू धंदा करणारा माणूस आहेस. नोकरदाराला मिळतो तो फॉर्म १६ तुला कधी येणार नाही, आणि त्याला मिळते ती ७५ हजारांची प्रमाणित वजावटही तुझ्या वाट्याला नाही. बारामतीच्या भिगवण चौकात ऑर्डरची वाट बघत गाडीवर बसलेली तुम्ही पोरं म्हणता ना, "आमची कमाई ती केवढी, आम्हाला कसला टॅक्स?" त्यातलं निम्मं खरं आहे. टॅक्स बहुतेक लागणारच नाही. पण टॅक्स लागत नाही म्हणून रिटर्न भरायचं नाही, हे कुणी सांगितलं तुला? तिथंच तुमचं नुकसान होतं बघ.

तुझ्या कमाईतून आधीच कर कापला जातोय, हे तुला माहीत आहे का? कंपनीच्या लेखी तू कंत्राटी काम करतोस. एका वेळचं बिल ३० हजारांच्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली, की कलम १९४ सी खाली एक टक्का टीडीएस कापायचा असा नियम आहे. महिन्याला २५ हजार धर. वर्षाचे झाले तीन लाख, म्हणजे टीडीएस तीन हजार. हे पैसे तुझ्या पॅनवर सरकारजमा होतात आणि तू रिटर्न भरून मागेपर्यंत तिथंच पडून राहतात. आणि पॅन आधारला जोडलेलं नसेल तर एक टक्क्याऐवजी सरळ २० टक्के कापतात. तीन लाखांवर साठ हजार! तेव्हा पहिलं काम, पॅन-आधार जोडलेलं आहे का ते बघ.

दुसरं काम, प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर लॉगिन करून दोन कागद उघड. एक फॉर्म २६ एएस, त्यात कुणी किती टीडीएस कापला ते दिसतं. दुसरा एआयएस, म्हणजे वर्षभरात तुझ्या पॅनवर काय काय नोंदलं गेलं त्याचं पत्रक. सकाळी एका अ‍ॅपचं पार्सल, रात्री दुसऱ्याचं जेवण असं करत असशील, तर दोन्हीकडच्या रकमा तिथं दिसतील. एक दाखवून दुसरी विसरायची सोय राहिलेली नाही.

आता आकडा कोणता धरायचा, यात सगळे गोंधळतात. खात्यावर जमा झालेली रक्कम म्हणजे तुझी उलाढाल नव्हे. कारखान्याचं ऊसबिल कसं असतं? सोसायटीची वसुली कापून उरलेलं खात्यावर येतं, पण बिल पूर्ण टनांचंच धरतात. तसंच हे. टीडीएस आणि अ‍ॅपने केलेली कपात मिळवून जो पूर्ण आकडा होतो, तो धरायचा. इन्सेंटिव्ह आणि टिपही त्यातच. ग्राहकाने माल घेताना दिलेली रोकड मात्र तुझी कमाई नव्हे, ती कंपनीची. म्हणून ती स्वतःच्या बचत खात्यातून फिरवत जाऊ नकोस. बचत खात्यात वर्षाला दहा लाख किंवा जास्त रोख जमा झाली की बँक ते प्राप्तिकर खात्याला कळवते, आणि मग ते पैसे कुणाचे हे सिद्ध करत बसायची वेळ तुझ्यावर येते. फिरवावीच लागली, तर भरणा केल्याची प्रत्येक पावती जपून ठेव.

आणि एक कानात सांगते. मित्राच्या आयडीवर गाडी मारू नकोस, आपला आयडीही कुणाला देऊ नकोस. ज्याचा पॅन, त्याची कमाई. पळणार तू, नोंद होणार त्याच्या नावावर, आणि उद्या अपघात झाला तर तू तिथं कामाला होतास हेही सिद्ध होणार नाही.

आता फॉर्मकडे ये. तुझ्यासारख्या छोट्या धंदेवाल्यासाठी कलम ४४ एडी आहे. यात हिशेबाची वही दाखवावी लागत नाही. बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोख आलेल्या रकमेच्या किमान ८ टक्के नफा धरायचा, आणि आयटीआर-४ भरायचा. तीन लाखांवर ६ टक्के म्हणजे १८ हजार. झालं काम. पण मग पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर यांची वेगळी वजावट मागता येत नाही, ती त्यातच आली. आणि ही सोय एकदा धरलीस की पाच वर्षं धरून ठेव. मध्येच सोडलीस तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही.

कुणी पिकअप किंवा छोटा हत्ती घेऊन माल वाहत असेल, तर त्याचं कलम वेगळं, ४४ एई. दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्याला, १२ टनांपर्यंतच्या गाडीमागे महिन्याला किमान ७,५०० रुपये उत्पन्न धरायचं. वर्षाचे एका गाडीचे ९० हजार. तुमच्या दुचाकीवाल्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

आता जरा नीट ऐक, कारण मला तुला सांगायचं आहे ते हेच. ६ टक्के ही किमान रेषा आहे. कायदाच म्हणतो, त्याहून जास्त मिळालं असेल तर जास्त दाखव. पेट्रोल-दुरुस्ती जाऊन तुझ्या हातात वर्षाला एक लाख नव्वद हजार उरत असतील, तर एक लाख नव्वद हजारच लिही. घाबरू नकोस. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत करच नाही आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. म्हणजे १८ हजार लिहिलेस काय आणि एक लाख नव्वद हजार लिहिलेस काय, कर शून्य आणि परतावा तोच तीन हजार. मग खोटं गरीब कशाला व्हायचं?

खरं लिहिण्याचा फायदा कुठं होतो, तेही सांगते. उद्या तू घरासाठी किंवा नव्या गाडीसाठी कर्ज मागायला जाशील. पगाराची स्लिप तुझ्याकडे नाही, म्हणून बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागणार. त्यावर वर्षाचं उत्पन्न १८ हजार दिसलं तर तुला कर्ज कोण देईल? आणि देव करो अशी वेळ न येवो, पण गळीत हंगामात बारामती-भिगवण रस्त्यावर, इंदापूर-वालचंदनगरकडे रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात. कित्येकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. अपघाताच्या दाव्यात भरपाई ठरते ती माणसाच्या कमाईवरून. रिटर्न हा कायद्याने भरलेला कागद आहे, उत्पन्न ठरवताना त्यावर विसंबता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशाच एका दाव्यात म्हटलं आहे. अ‍ॅपचा स्क्रीनशॉट घेऊन कोर्टात भांडण्यापेक्षा हा कागद कितीतरी भक्कम. पण त्यावर तूच १८ हजार लिहून ठेवले असतील, तर घरच्यांनी कशाच्या जोरावर भांडायचं?

ज्यांचा खर्च खरोखरच मोठा आहे आणि सगळा हिशेब दाखवायचा आहे, त्यांना आयटीआर-३ चा रस्ता आहे. पेट्रोल, सर्व्हिसिंग, गाडीचा विमा, गाडीकर्जाचं व्याज (हप्त्यातली मुद्दल नव्हे), मोबाइल रिचार्ज, रेनकोट, गाडीचा १५ टक्के घसारा, हे सगळं धरता येतं. मात्र जितका वापर धंद्यासाठी तितकाच. सुट्टीच्या दिवशी जेजुरीला गेलास त्याचं पेट्रोल नाही. सिग्नल तोडल्याचा दंड तर अजिबात नाही. तुझ्यासारख्याला त्या वाटेला जायची सहसा गरज पडत नाही. तरी डिकीत एक छोटी वही ठेव. पेट्रोल किती, काम किती, एवढं लिहीत गेलास तरी खरा नफा किती हे तुलाच कळेल. कित्येक पोरं कमाई म्हणून जो आकडा सांगतात, त्यातून गाडीची झीज वजाच केलेली नसते.

आता आपल्या भागाचा खास घोळ. सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का? माळेगावला, सोमेश्वरला किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला ऊस जातो आणि बिल तुझ्या खात्यावर येतं का? शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ते पाच हजारांच्या वर असेल, तर आयटीआर-४ चालत नाही, हे फारसं कुणाला माहीत नसतं. मग आयटीआर-३ भरायचा, ४४ एडीची सोय त्यातही घेता येते, आणि शेतीचं उत्पन्न त्यात दाखवायचं. जमीन वडिलांच्या नावावर आणि बिलही त्यांच्याच खात्यावर असेल, तर तुझ्या फॉर्ममध्ये ते येत नाही. आणि दूध? गोठ्यातल्या गायींचं दूध विकून आलेले पैसे शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, तो धंदा धरतात. डेअरीचा पगार तुझ्या नावावर निघत असेल, तर तो डिलिव्हरीच्या उलाढालीत मिळवायचा. दूध, ऊस आणि पार्सल असं तिन्ही करणारी पोरं इंदापूर तालुक्यात गावोगाव आहेत. त्यांनी फॉर्म निवडायच्या आधी एवढं बघावंच.

जीएसटीची धास्ती घेऊ नकोस. सेवा देणाऱ्याला वर्षाला वीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अ‍ॅपवरून होणाऱ्या स्थानिक डिलिव्हरीवर जीएसटी आहे, पण तू नोंदणीकृत नसशील तर तो भरण्याची जबाबदारी अ‍ॅपची.

एजंटापासून मात्र सांभाळ. "वीस हजार परतावा काढून देतो, त्यातले एवढे टक्के माझे" असं म्हणणारा भेटला की गाडी पुढं काढ. कापले तीन हजार, तर परत येणार तीन हजारच. जास्त येतात ते खोट्या देणग्या, खोटा विमा, खोटं घरभाडं दाखवून. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने अशाच प्रकारांसाठी देशभरात १५० ठिकाणी छापे घातले. पकडलं गेलं तर दंड बुडवलेल्या कराच्या दुपटीपर्यंत जातो, आणि नोटीस एजंटाला नाही, तुला येते. रिटर्न भरून द्यायला माणूस जरूर घे, ठरलेली फी दे. पण पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल तुझाच हवा, पासवर्ड तुझ्याकडेच हवा, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घे. "परतावा मंजूर झाला, लिंक दाबा" असले मेसेज उघडूही नकोस. परतावा पोर्टलवर तपासलेल्या तुझ्याच बँक खात्यात आपोआप येतो.

मुदत दरवर्षी पोर्टलवर बघून घे. २०२५ मध्ये ३१ जुलैची मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबरला गेली, म्हणून दरवर्षी वाढेल असं धरून बसू नकोस. चुकलीच तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर उशिराची फी नाही. त्यावर पाच लाखांपर्यंत एक हजार, त्यापुढे पाच हजार. भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-पडताळणी कर, नाहीतर भरलेलं न भरल्यासारखंच. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदललेत. मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचं रिटर्न मात्र जुन्या कायद्यानेच, म्हणून मी जुनी कलमं सांगितली. पुढच्या वर्षी आकडे वेगळे दिसले तर गोंधळू नकोस.

जाता जाता, ई-श्रम पोर्टलवरही नाव घाल. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात तुमच्यासारख्यांसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधी द्यायचा, अशी तरतूद आहे. उद्या त्यातून जे काही मिळेल, ते ज्याची नोंद आहे त्यालाच.

तर आता एवढंच कर. या आठवड्यात एक दुपार मोकळी काढ, पॅन-आधार तपास, २६ एएस आणि एआयएस डाउनलोड कर, सगळ्या अ‍ॅपची वर्षाची पत्रकं एका फोल्डरमध्ये ठेव. मग ते घेऊन माझ्याकडे ये किंवा स्वतः बसून भर. आणि तुझ्याबरोबर चौकात थांबतात त्या पोरांनाही सांग: आकडा खरा लिहा आणि दरवर्षी लिहा.