हद्दपारी आणि दारिद्र्य



परक्या माणसास आपल्या हद्दीबाहेर घालविण्याचा अधिकार प्रत्येक राज्यास आहे. परंतु जेथें त्याच्या नशिबीं केवळ उपासमार व उघडें आकाश आहे, तेथें त्यास धाडतां येईल काय? या प्रश्नाचा उलगडा एका खटल्यावरून होतो.

युरोपांतील मानवी हक्कांचा करार १९५० सालीं रोम येथें झाला. त्याच्या तिसऱ्या कलमानें कोणाचाहि छळ करणें अथवा कोणास अमानुष वा मानहानिकारक रीतीनें वागविणें निषिद्ध आहे. या कलमास अपवाद नाहीं.

काबूल सोडून निघालेला एक अफगाण मनुष्य ग्रीसमार्गें बेल्जियमला पोहोंचला व त्यानें आश्रय मागितला. आश्रयार्थी प्रथम ज्या देशांत शिरला, त्यानेंच सामान्यतः त्याच्या अर्जाचा विचार करावा, असा युरोपीय संघाचा नियम होता. म्हणून जून २००९ मध्यें बेल्जियमनें त्यास ग्रीसला परत पाठविलें. तेथें आधीं कोठडी व मग अथेन्समधील एक बाग, हेंच त्याचें घर झालें. अन्न नाहीं, निवारा नाहीं, शौचाची सोय नाहीं. आणि हें केव्हां संपेल याचा पत्ता नाहीं.

ता. २१ जानेवारी २०११ रोजीं स्ट्रासबुर्ग येथील मानवी हक्क न्यायालयानें निकाल दिला. ग्रीसनें तिसरें कलम मोडलें होतेंच. पण तेथील स्थिति ठाऊक असून त्यास पाठविणारें बेल्जियमहि दोषी ठरलें.

मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. नुसती गरिबी हें कारण पुरत नाहीं. मायदेशीं औषध मिळणें दुर्घट, ही एका आजारी युगांडी स्त्रीची तक्रार याच न्यायालयानें २००८ सालीं अमान्य केली; आजाऱ्यांविषयींची ही कसोटी पुढें २०१६ सालीं कांहींशी सौम्य झाली. अफगाणाची गोष्ट निराळी होती. आश्रयार्थ्यांस अन्न व निवारा देण्याचें कर्तव्य कायद्यानेंच ग्रीसवर होतें, आणि तें पाळलें गेलें नव्हतें. लक्झेंबुर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयानेंहि २०१९ सालीं हेंच तत्त्व मांडलें: शासनाच्या उदासीनतेमुळें परावलंबी मनुष्य अन्न, स्वच्छता व निवारा यांस मुकण्याइतका कंगाल होणार असेल, तर त्यास तेथें पाठवूं नये.

बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनीं त्या मनुष्यास उपाशीं ठेवलें नाहीं. केवळ विमानांत बसविलें. तरीहि ते दोषमुक्त झाले नाहींत. दार लावून घेण्यापूर्वीं बाहेर काय आहे हें पाहणें, दार लावणाराचेंच कर्तव्य होय. आज सायंकाळीं घरीं वडील मंडळींस हा खटला सांगा, आणि तुम्हीं न्यायासनावर असतां तर काय निकाल दिला असता, तें कारणांसह लिहून आणा.